निकिताचा मुलगा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होल्गा नदीकाठच्या त्वेर नगरातील एक व्यापारी दर्बंद, बाकू, इराण आणि होर्मुझ असा प्रवास करीत, विक्रीसाठी एक घोडा बरोबर घेऊन कोकणातील चौल बंदरात उतरला. पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. त्याच्या सुमारे पाव शतक आधीची ही घटना. चौलहून पाली आणि जुन्नरच्या मार्गाने तो बहामनी राज्याची राजधानी असलेल्या बीदर शहरात गेला, दख्खनमध्ये काही वर्षे राहिला आणि दाभोळच्या बंदरातून परतीच्या प्रवासाला निघाला. मायदेशात शिरताना स्मोलेन्स्क शहरापाशी पोहोचण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. त्याची टिपणे व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन महाराजाच्या दरबारातील एका लेखनाधिकाऱ्याच्या स्वाधीन केली आणि १४७५ च्या नोंदीखाली ती रशियन बखरींत समाविष्ट झाली. ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने ती आज ओळखली जातात. त्यांच्या कर्त्याला इतिहासकार अफनासी निकितिन म्हणतात.

या नावातील ‘निकितिन’ हे आडनाव आहे, असे आजचा वाचक सहजच समजतो. ग्रंथसूचीतही ते आडनावाच्या जागीच येते. परंतु स्वतः त्या व्यापाऱ्याला ते आडनाव म्हणून ठाऊक होते, असे दिसत नाही. टिपणांच्या प्रारंभी ईश्वराची करुणा भाकताना तो आपला उल्लेख ‘अफनासी, मिकिताचा मुलगा’ असा करतो. (मिकिता हे निकिता या नावाचेच बोलीतील रूप होय.) ‘मुलगा’ हा शब्द तेथे स्पष्ट लिहिलेला आहे. पुढे तो शब्द गळाला, विशेषण तेवढे उरले आणि त्या विशेषणालाच आडनावाची प्रतिष्ठा मिळाली. एका शब्दाच्या या प्रवासात रशियन आडनावांच्या फार मोठ्या वर्गाचा इतिहास साठवलेला आहे.

निकिता हे नाव ग्रीक भाषेतून, ख्रिस्ती धर्माबरोबर रशियात आले. त्याच्या मुळाशी विजय या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. अफनासी हेही मूळचे ग्रीक. त्याचा अर्थ मृत्यू नसलेला, अमर. रशियन भाषेत नामाला ‘ओव’, ‘एव’ किंवा ‘इन’ हे प्रत्यय लावून मालकी दाखवणारे विशेषण बनवता येते. व्यंजनान्त नावाला ‘ओव’ लागतो: इवानचा तो इवानोव, प्योत्रचा तो पेत्रोव. सेर्गेईसारख्या नावाला ‘एव’ लागून सेर्गेयेव होते. ज्या नावाच्या शेवटी ‘आ’ किंवा ‘या’ येतो, त्याला ‘इन’ लागतो: फोमाचा तो फोमिन, इल्याचा तो इलिन, निकिताचा तो निकितिन. हे सारे शब्द ‘कोणाचा’ या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत.

मराठी भाषकाला ही रचना समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मराठीतील षष्ठीचे रूप ज्याच्यावर मालकी सांगायची त्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. निकिताचा मुलगा, निकिताची मुलगी, निकिताचे वंशज. रशियन विशेषणही असेच फिरते: पुरुष निकितिन, स्त्री निकितिना, सारे कुटुंब निकितिनी. गावात अनोळखी पोर दिसले की एखादी म्हातारी त्याला ‘कोणाचा रे तू?’ असे विचारते आणि पोर बापाचे नाव सांगते. त्या उत्तरातील ‘चा’ पुढे पिढ्यान्‌पिढ्या नावाला चिकटून राहिला असता, तर मराठीतही निकितिनसारखी आडनावे तयार झाली असती.

‘इन’ लागलेले प्रत्येक आडनाव पित्याच्या नावावरूनच आलेले असते, असे मात्र नाही. महाकवी पुश्किनच्या घराण्याचे नाव एका पूर्वजाच्या ‘पुश्का’, म्हणजे तोफ, या टोपणनावावरून आले. घरगुती बोलीत हाच प्रत्यय आईच्या नात्यालाही लागतो. रशियनमध्ये आईला ‘मामा’ म्हणतात आणि ‘मामिन’ म्हणजे आईचा. व्याकरणाच्या दृष्टीने बाप, आई, टोपणनाव हे सारे सारखेच आहेत. त्यांपैकी कोणाचे नाव वंशाला लागावे, हे समाज ठरवतो.

बखरकाराने या प्रवाशाची ओळख करून देताना त्याला ‘अफनासी त्वेरितिन’ म्हटले आहे. त्वेरितिन म्हणजे त्वेरचा राहणारा. मराठी वळणाने बोलायचे तर त्वेरकर. चौलकर, जुन्नरकर, दाभोळकर ही आडनावे ज्या तत्त्वावर बनली, त्याच तत्त्वावर हा शब्द बनला आहे. म्हणजे या एका माणसाच्या ओळखीचे तीन घटक उपलब्ध होतात: स्वतःचे नाव अफनासी, पित्याचे निकिता आणि गावाचे त्वेर. हे तिन्ही एका ओळीत मांडले, तर ‘अफनासी निकिता त्वेरकर’ असे नाव तयार होते. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेच्या हजेरीपटात ते शोभून दिसले असते. पुढील काळाने यांतील गाव वगळून बाप तेवढा ठेवला आणि त्याला आडनाव ठरवले.

पित्याच्या नावाला रशियात प्रतिष्ठेची उतरंडही होती. रशियन कादंबऱ्यांच्या अनुवादांत आढळणारी इवानोविच, रोमानोविच यांसारखी रूपे ही आडनावे नव्हेत. व्यक्तिनाम आणि आडनाव यांच्या मध्ये येणारे ते पितृनाम होय. ‘अपराध आणि शिक्षा’ या कादंबरीतील रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन, घराणे रास्कोल्निकोव. आज हे ‘विच’ प्रत्येक रशियन पुरुषाच्या वाट्याला येते, पण पूर्वी तो मान थोरामोठ्यांचा होता. मॉस्कोच्या राजवटीत सामान्य माणूस ‘अमक्याचा मुलगा’ एवढेच लिहू शके; विच लावण्याचा अधिकार उमरावांचा. सतराव्या शतकात स्त्रोगानोव या धनाढ्य व्यापारी घराण्याला तो विशेष कृपा म्हणून देण्यात आला. कॅथरिन दुसरी हिच्या काळात सरकारी कागदांत वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांचे पितृनाम विचसह, मधल्या श्रेणीच्यांचे विचविना आणि त्याखालच्यांचे केवळ नाव लिहिण्याचा दंडक होता. बापाचे नाव किती लांब लिहायचे, हेही राज्यसत्ता ठरवीत होती.

शेतकऱ्यांपैकी बहुसंख्यांना तर आडनावच नव्हते. १८६१ मध्ये भूदासप्रथा संपली. तोवर जमीनदाराच्या वहीत नावानिशी मोजल्या जाणाऱ्या या माणसांची नोंद आता करवसुलीसाठी, सैन्यभरतीसाठी आणि न्यायालयासाठी सरकारला करावी लागली. १८८८ मध्ये सिनेटच्या आदेशाने आडनाव असणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरले. नोंद करणाऱ्या कारकुनाने ‘कोणाचा’ असे विचारले आणि जे उत्तर आले ते लिहून घेतले. त्या दिवशी बाप इवान असेल तर घराणे इवानोव झाले. पुढच्या पिढीतील बापाचे नाव बदलले, पण इवानोव बदलला नाही. वाहते पितृनाम ज्या क्षणी नोंदवहीत गोठते, त्या क्षणी आडनाव जन्माला येते.

निकिताच्या मुलाच्या नावावर दख्खनमध्ये जो प्रसंग गुदरला, तो यापेक्षा बिकट होता. जुन्नरला त्याने पावसाळा काढला. तेथील अधिकारी असद खान याला हा परदेशी मुसलमान नसल्याचे कळले, तेव्हा त्याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत मिळेल आणि वर हजार सुवर्णनाणी मिळतील, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत घातली. अखेर महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. हा घोडा म्हणजे त्या व्यापाऱ्याचे एकमेव भांडवल होते. तरीही या प्रसंगाची नोंद करताना त्याच्या लेखनात धनापेक्षा धर्मश्रद्धेची धास्ती अधिक जाणवते. मुसलमानी मुलखात तो ख्वाजा युसुफ खुरासानी या नावाने वावरत असे. बीदरमध्ये हिंदूंशी ओळख वाढल्यावर आपण ख्रिस्ती आहोत आणि आपले खरे नाव अफनासी आहे, हे त्याने त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांनी आपले आचारविचार त्याच्यापासून लपवले नाहीत, असे तो लिहितो.

ही दोन नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अफनासीच्या जागी युसुफ आला, त्वेरच्या जागी खुरासान आले; निकिताच्या जागी मात्र कोणीच आले नाही. परमुलखात माणूस नवे नाव घेऊ शकतो, नवे गावही सांगू शकतो, पण नवा बाप सांगणे त्याला जड जात असावे. सणावारांचे आणि उपवासांचे दिवस चुकत चालल्याची खंत त्याच्या टिपणांत वारंवार येते. मजकुरात तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळत जातात. शेवटची प्रार्थनाही रशियन भाषेत नाही. अशा लेखनाच्या आरंभी ‘मिकिताचा मुलगा’ हे शब्द येतात, तेव्हा ते केवळ नाव राहत नाही. भाषा, पंचांग आणि गाव सुटलेल्या माणसाने हाती घट्ट धरून ठेवलेला तो शेवटचा धागा आहे.

ज्या जुन्नरमध्ये हा प्रसंग घडला, त्याच्या परिसराला नावांचा आणखी जुना इतिहास आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा प्रसिद्ध लेख आहे. या घराण्यातील राजे गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी अशी मातृनामे लावीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीने पुत्राच्या पराक्रमाचे वर्णन करणारा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवला. या मातृनामांवरून राज्य मातृवंशाने चालत होते असे ठरत नाही. वारसा पुरुषांकडूनच आल्याचे दिसते. गौतमी, वासिष्ठी ही नावेही त्या राण्यांच्या माहेरच्या गोत्रनामांवरून आलेली आहेत. तरीही राजाची ओळख ‘कोणाचा’ या प्रश्नाला आईचे नाव सांगून पुरी होत होती, एवढे निश्चित. संस्कृत व्याकरणातील अपत्यार्थी प्रत्ययांनी दोन्ही बाजू जपल्या होत्या. दशरथाचा दाशरथी, तसाच सुमित्रेचा सौमित्र. कुंतीचा कौंतेय आणि पोटची नसूनही राधेचा राधेय.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत पित्याचे नाव ठळकपणे पुढे येते. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेत राजाची ओळख शहाचा पुत्र शिव अशी आहे. तेथे भोसले हे कुलनाम नाही. पेशव्यांचे आडनाव भट, परंतु इतिहास त्यांना बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव असेच ओळखतो. बल्लाळ म्हणजे बाळाजी. तीन पिढ्यांची ही नावे साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत अडकलेली आहेत. एकाचे पहिले नाव ते पुढच्याचे दुसरे. येथे पितृनाम अजून वाहते आहे. एकोणिसाव्या शतकात शाळा, न्यायालये आणि सरकारी नोकरी यांनी त्याच्यापुढे आडनाव कायमचे जोडले आणि गोपाळ हरि देशमुख, बाळ गंगाधर टिळक अशी तीन पदांची रचना रूढ झाली. मराठीने बाप मधल्या जागी वाहता ठेवला आणि घराणे शेवटच्या जागी स्थिर केले. नाव, पितृनाम, आडनाव हा रशियन क्रमही नेमका हाच आहे.

पितृनाम कायद्याने गोठवल्याचे उदाहरणही मुंबईत आहे. जमशेदजी जीजीभाई यांच्या नावातील जीजीभाई हे त्यांच्या वडिलांचे नाव. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांच्या मृत्यूनंतर १८६० मध्ये झालेल्या खास कायद्यान्वये किताबाच्या प्रत्येक वारसाने आपले नाव सोडून सर जमशेदजी जीजीभाई हेच नाव धारण करावे, असे ठरले. वारस कोणीही असो, कागदावर तो जीजीभाईंचा जमशेदजी. रशियात जे शेकडो वर्षांत घडत गेले, ते येथे एका कायद्याने घडवले.

दख्खनच्या दक्षिणेकडे गेले की हेच तीन घटक वेगळ्या क्रमाने भेटतात. कन्नड साहित्यातील दोन ज्ञानपीठविजेत्या कवींची नावे या दृष्टीने बोलकी आहेत. १९६७ चा पुरस्कार मिळालेले कुवेंपु म्हणजे कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा: आधी गाव, मग पिता, शेवटी स्वतः. १९७३ चा पुरस्कार मिळालेले द. रा. बेंद्रे म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे: आधी स्वतः, मग पिता, शेवटी घराणे. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती आणि त्यांच्या नावाचा क्रमही मराठी राहिला. पिता दोन्हींत मध्यभागी आहे. बाजूच्या दोन जागांची मात्र अदलाबदल झाली आहे.

या दोन पद्धती जेथे एकमेकींशेजारी नांदतात, अशा स्थळांत बंगळूरचा सर्जापूर रोड हा अलीकडचा आहे. बंगळूर आणि मराठी यांचा संबंध नवा नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे ठाणे घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. कोरमंगलाहून सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर मात्र परवापर्यंत शेते आणि तळी होती. संगणक उद्योगाने त्याचे रूप पालटले. याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे. ही कंपनी १९४५ मध्ये खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या उद्योगाच्या रूपाने मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी सुरू केली. त्यांच्या पुत्राचे पूर्ण नाव अझीम हाशम प्रेमजी. त्यात मध्ये मात्र पिता नाही; मधला ‘हाशम’ हा शब्द पित्याच्या नावातही मधलाच आहे. आणि घराण्याचे नाव बनलेला ‘प्रेमजी’ हा शब्दही मूळचे गुजराती व्यक्तिनामच आहे.

अशा ठिकाणी नोकरीला येणाऱ्या कर्नाटक आणि तमिळनाडूच्या पुष्कळ तरुणांना आडनाव नसते. त्यांच्या नावाआधी पित्याच्या नावाचे आद्याक्षर असते, कधी गावाचेही. पारपत्राच्या अर्जात आणि परदेशी कंपन्यांच्या नोंदीत मात्र दोन रकाने असतात, एक नावाचा आणि दुसरा आडनावाचा. दुसरा रकाना मोकळा ठेवला तर पुढे अडचणी उभ्या राहतात, म्हणून आद्याक्षर उलगडून पित्याचे पूर्ण नाव त्यात लिहिले जाते. मग परदेशातील सहकारी त्या तरुणाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागतात. त्याची मुले परदेशात जन्मली, तर आजोबांचे नाव त्यांचे आडनाव होते. १८८८ नंतर रशियन शेतकऱ्याच्या दारात कारकुनाने जे केले, तेच आज एक रकाना करतो आहे. आडनावे प्राचीन काळी कधीतरी निर्माण झाली आणि संपली, असे समजणे बरोबर नाही. ज्या ज्या वेळी राज्य किंवा व्यापार अनोळखी माणसांना मोजू लागतो, त्या त्या वेळी ती नव्याने निर्माण होतात.

या साऱ्या इतिहासात स्त्रीच्या नावाचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. टॉलस्टॉयच्या नायिकेचे पूर्ण नाव आन्ना अर्काद्येव्ना कारेनिना. कारेनिना हे पतीच्या घराण्याचे नाव, पण अर्काद्येव्ना म्हणजे अर्कादीची मुलगी. तिचा भाऊ स्तेपान अर्काद्येविच ओब्लोन्स्की. विवाहाने बहीण-भावांची आडनावे वेगळी झाली, तरी दोघांच्या नावांत बाप एकच राहिला. रशियन स्त्रीचे पितृनाम जन्मभर तिचे असते. मराठी रूढीत विवाहानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलते. पित्याच्या जागी पती येतो आणि कधी पहिले नावही बदलले जाते. निकिताच्या मुलाने परक्या मुलखात आपले नाव आणि गाव बदलले, ते काही वर्षांपुरते. मराठी घरांतील असंख्य मुलींनी आपले तिन्ही शब्द एका दिवसात बदलले, आणि ते कायमचे.

११ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या सरकारी नोंदीत आता बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम राहील. विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या नावाची जुनी पद्धत मात्र चालू ठेवण्यात आली. तेव्हा आईचे नाव अपत्याच्या नावात आले, तरी तिच्या नावात तिची आई आणि तिचा बाप परत आलेले नाहीत. तरीही सातवाहनांच्या लेखांनंतर दीर्घकाळाने या भूमीतील अधिकृत लेखणीने ‘कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना आईचे नाव घेतले आहे.

त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी निकितिनचा पुतळा १९५५ पासून उभा आहे. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी त्याच्यावर भारतीय-सोव्हिएत सहकार्याने चित्रपट काढला. हिंदीत त्याचे नाव ‘परदेसी’ ठेवले गेले. त्वेरचा तो त्वेरितिन, दख्खनला तो खुरासानी, चित्रपटाला तो परदेसी. इतरांनी त्याला अशी अनेक नावे दिली. ज्या निकिताच्या नावाने जग त्याला आज ओळखते, त्या निकिताविषयी मात्र एवढेच लिहिलेले सापडते की त्याला अफनासी नावाचा एक मुलगा होता.